एसएसडी टाकली, विंडोज कोरं टाकलं, तरी कॉम्प्युटर चालू व्हायला पावणेचार मिनिटं का लागतात?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. कर्वेनगरला घरून प्रबंध टाइप करून देण्याचं काम, आठव्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम. जुन्या १ टीबीच्या हार्ड डिस्कवर विंडोज फार रखडायला लागलं म्हणून २४० जीबीची एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) आणली, तिच्यावर विंडोज ११ कोरं टाकून घेतलं आणि जुनी डिस्क डेटासाठी आतच राहू दिली. तरीही बटण दाबल्यापासून पासवर्डचा पडदा यायला पावणेचार मिनिटं. स्टार्टअपचे प्रोग्रॅम बंद करून झाले, अँटिव्हायरस काढून झाला, दुसऱ्यांदा फॉरमॅटही मारून झालं. आता दुकानदार म्हणतोय, मदरबोर्ड बदला.

मदरबोर्डला आत्ता पैसे देऊ नका. फुकटात करून बघण्यासारखी एक गोष्ट अजून राहिली आहे.

तुमच्या प्रश्नात शेवटी एक वाक्य आहे, ते फार महत्त्वाचं आहे: "पासवर्ड टाकला की मात्र वर्ड वगैरे पटकन उघडतं." म्हणजे तुमचा वेळ पासवर्डच्या आधी जातोय. आणि आतापर्यंत केलेले जवळजवळ सगळे उपाय पासवर्डच्या नंतरचे आहेत. स्टार्टअपच्या यादीतले प्रोग्रॅम तुम्ही लॉगिन केल्यावरच सुरू होतात. ते सगळे बंद केले तरी त्याआधीच्या पावणेचार मिनिटांतला एक सेकंदही कमी होणार नाही.

म्हणून पहिलं काम, घड्याळ घेऊन बसा. बटण दाबल्यापासून गोल फिरणारे ठिपके दिसेपर्यंत किती वेळ, ठिपक्यांपासून पासवर्डपर्यंत किती, आणि पासवर्डपासून काम सुरू करता येईपर्यंत किती, हे तीन आकडे कागदावर लिहा. मोजताना शट डाउन करून चालू करू नका, रिस्टार्ट करा. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन करताना ते स्वतःचा गाभा डिस्कवर साठवून ठेवतं आणि पुढच्या वेळी तोच उचलतं. रिस्टार्टला मात्र सगळं पहिल्यापासून होतं, त्यामुळे खरा आकडा तिथेच मिळतो. त्याशिवाय टास्क मॅनेजर उघडून स्टार्टअप अ‍ॅप्सच्या पानावर वर उजव्या कोपऱ्यात बघा. 'लास्ट बायोस टाइम' म्हणून सेकंदांत एक आकडा असतो. बायोस म्हणजे विंडोजच्या आधी मशीन जागं करणारा, मदरबोर्डातच असलेला प्रोग्रॅम. तेवढा वेळ विंडोजच्या हातात कारभार येण्याआधीच गेलेला असतो. हा आकडा मोठा असेल, तर कितीही वेळा फॉरमॅट मारलं तरी तो तसाच राहणार.

हे मी इतक्या खात्रीने लिहिते आहे, कारण हेच दुखणं आमच्याकडे झालं होतं. मी शनिवार पेठेतल्या एका लहान छापखान्यात पानं लावण्याचं काम करते आणि तिथली पाच मशीन्सही मीच सांभाळते. दिवाळी अंकांची घाई सुरू होती. नवी एसएसडी टाकलेल्या मशीनवर रोज सकाळी चार-चार मिनिटं काळा पडदा. मालक, त्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, शेवटी म्हणाले, "अगं, नव्यापेक्षा जुनंच बरं होतं की." मीही तुमच्यासारखंच आधी स्टार्टअप साफ केलं, मग ड्रायव्हर टाकले, मग फॉरमॅट मारलं. काडीचा फरक पडला नाही.

एका संध्याकाळी छपाईचं मशीन बंद झाल्यावर मी कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढलं आणि कान लावून बटण दाबलं. छपाई चालू असताना जे कधीच ऐकू आलं नसतं ते तेव्हा ऐकू आलं. जुन्या डिस्कमधून टक्‌ असा आवाज. मग बारीक घरघर. मग सगळं शांत. पुन्हा टक्‌. समोर भिंतीवर घड्याळ होतं, ते बघत मोजलं. दर दहा-बारा सेकंदांनी तेच. आणि आवाज चालू असेपर्यंत पडदा काळाच. लास्ट बायोस टाइम ७० सेकंदांच्या वर होता.

मशीन बंद करून जुन्या डिस्कच्या दोन्ही केबल काढल्या आणि परत बटण दाबलं. पडद्यावर आलं, बूट करण्यासारखं (म्हणजे विंडोज जिथून सुरू करता येईल असं) डिव्हाइस सापडत नाही. विंडोज तर नव्या एसएसडीवर होतं, आणि एसएसडी लावलेलीच होती!

इथे दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत अडकलेल्या असतात. तुमच्याकडेही त्या असण्याची शक्यता मला मोठी वाटते.

पहिली. विंडोज टाकताना मशीनमध्ये दोन डिस्क असतील आणि एकीवर आधीचं ईएफआय सिस्टम पार्टिशन (विंडोज सुरू करणाऱ्या फाइलींसाठी डिस्कवर राखलेला छोटा कप्पा) असेल, तर नवं विंडोज स्वतःच्या बूट फाइली अनेकदा त्या जुन्या पार्टिशनमध्येच ठेवतं. सी ड्राइव्ह नव्या एसएसडीवर, पण त्याला सुरू करणाऱ्या फाइली जुन्या डिस्कवर. घर नवं आणि किल्ली अजून जुन्या घरातल्या खुंटीला, तसं. रोज बटण दाबलं की मशीन आधी जुन्या डिस्ककडे जातं, तिथून किल्ली घेतं आणि मग एसएसडीकडे येतं. हे तपासायला झाकण काढायची गरज नाही. स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. खाली डिस्क ०, डिस्क १ अशा आडव्या पट्ट्या दिसतील. ईएफआय सिस्टम पार्टिशन असं लिहिलेला, १०० एमबीचा किंवा थोडा मोठा चौकोन कोणत्या पट्टीवर आहे ते बघा. १ टीबीच्या पट्टीवर असेल आणि २४० जीबीच्या पट्टीवर नसेल, तर तुमची किल्ली जुन्या घरी आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे जुन्या डिस्कची तब्येत. तुम्ही लिहिलंय की तिच्यावर विंडोज रखडत होतं म्हणून एसएसडी घेतली. पण ती का रखडत होती, हे कोणी तपासलं का? हार्ड डिस्क एसएसडीपेक्षा हळू असतेच, पण वाचता न येणारे सेक्टर, म्हणजे डेटा साठवायचे डिस्कवरचे बारीक भाग, वाढत चालले असले तरी ती अशीच रखडते. डिस्कवर नुसता डेटा असला तरी बायोस तिला ओळख विचारतो, आणि नंतर विंडोजही तिचे पार्टिशन वाचायला जातं. आजारी डिस्क उत्तर द्यायला वेळ लावते, परत परत वाचून बघते, विंडोज थांबून राहतं, मग पोर्ट रीसेट करून पुन्हा विचारतं. सगळा खोळंबा एका डिस्कमुळे. इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टम उघडून चालू होण्याच्या वेळेच्या आसपास १२९, १५३ किंवा ७ या आयडीच्या नोंदी दिसतात का ते बघा. १२९ म्हणजे डिव्हाइस रीसेट करावं लागलं, १५३ म्हणजे वाचण्या-लिहिण्याचं काम पुन्हा करावं लागलं, आणि डिस्कच्या नावापुढे ७ म्हणजे खराब ब्लॉक.

आणखी पक्कं करायचं तर क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर टाका. त्यात जुन्या डिस्कवर क्लिक करून तीन ओळी वाचा. ०५ म्हणजे डिस्कने खराब म्हणून बाजूला काढलेले सेक्टर. सी५ म्हणजे वाचता येत नाहीत, पण अजून बाजूला काढलेले नाहीत असे सेक्टर. या दोन्हींत शून्याच्या पुढे आकडा असेल आणि वाढत असेल, तर डिस्क जाण्याच्या वाटेवर आहे. सी७ ही ओळ वेगळी. ०५ आणि सी५ शून्य असून फक्त सी७ वाढत असेल, तर बहुतेक वेळा डिस्क चांगली असते आणि साटा केबल (डिस्कला मदरबोर्डाशी जोडणारी) खराब असते. आमच्या दुसऱ्या एका मशीनवर तसंच निघालं. तपकीर गल्लीतून नवी केबल आणून लावली, विषय मिटला. डिस्क टाकून देण्याआधी ही ओळ वाचायला विसरू नका.

आता करायचं काय, तर आधी डेटा. बाकी सगळं नंतर. त्या डिस्कवर लोकांचे प्रबंध आहेत, कुणाची तीन-चार वर्षांची मेहनत आहे. बाहेरची यूएसबी डिस्क लावून आधी चालू कामाचे फोल्डर उचला, मग जुने. सगळी डिस्क एका दमात कॉपीला लावू नका. एखादी फाइल अडली तर ती सोडून पुढे जा. चेकडिस्क हे विंडोजचं डिस्क तपासणारं साधन चालवून सेक्टर दुरुस्त करायच्या फंदात आत्ता पडू नका. मरायला टेकलेल्या डिस्कला ते तासन्‌तास राबवतं आणि त्यातच ती जाऊ शकते. प्रबंध युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेले असतील, तर जुन्या विंडोजच्या फोल्डरमधून ते फॉन्टही आठवणीने घ्या. नाहीतर फाइल उघडेल आणि मजकुराच्या जागी भलतीच अक्षरं दिसतील.

डेटा घेऊन झाला आणि दोन-चार फाइली उघडून खात्री केली, की शिफ्टचं बटण दाबून ठेवून शट डाउन करा, म्हणजे मशीन पूर्ण बंद होतं. प्लग काढा, पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून धरा, मगच जुन्या डिस्कच्या केबल काढा. आता फक्त एसएसडी ठेवून चालू करा आणि तेच घड्याळ लावा.

एसएसडीवरून सरळ विंडोज आलं तर काम झालं. बूट डिव्हाइस नाही असा संदेश आला, तर घाबरू नका, काही बिघडलेलं नाही. किल्ली जुन्या डिस्कवर असल्याचाच तो पुरावा आहे. बीसीडीबूट नावाच्या कमांडने बूट फाइली एसएसडीवर तयार करता येतात, पण त्यासाठी एसएसडीवर आधी ईएफआय पार्टिशन हाताने पाडावं लागतं. तुमचं विंडोज आत्ताच टाकलेलं आहे, वर सॉफ्टवेअर फारशी नाहीत. त्यामुळे मी म्हणेन, जुनी डिस्क बाहेर असतानाच विंडोज पुन्हा एकदा टाका. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घेऊन ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर इन्स्टॉलर बनवता येतो. तो मात्र दुसऱ्या मशीनवर किंवा केबल काढण्याआधीच बनवून ठेवा. टाकताना एसएसडीवरची सगळी पार्टिशन उडवा आणि मोकळी जागा निवडून पुढे जा. लागतील तेवढी पार्टिशन विंडोज स्वतःच पाडतं. डिजिटल लायसन्स असेल तर त्याच मदरबोर्डवर विंडोज आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होतं. मदरबोर्ड बदलला असता तर तिथेही खोळंबा झाला असता, कारण अ‍ॅक्टिव्हेशन त्याच्याशीच बांधलेलं असतं.

आमच्याकडे फक्त एसएसडी ठेवून विंडोज टाकल्यावर बायोस टाइम ११ सेकंदांवर आला, आणि बटणापासून पासवर्डपर्यंत अर्धा मिनिटही लागेना. काकांनी खात्री पटेपर्यंत तीनदा बंद-चालू करायला लावलं.

नवं विंडोज टाकल्यावर पहिले एक-दोन दिवस पासवर्डनंतर मशीन जड वाटेल. अपडेट उतरत असतात, शोधाची अनुक्रमणी बनत असते, डिफेंडरची तपासणी चालते. एक रात्र चालू ठेवा, निवळेल. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून चिपसेटचा ड्रायव्हर तेवढा टाका. रॅम वाढवायच्या मागे आत्ता लागू नका, चालू होण्याच्या या वेळाशी तिचा संबंध नाही. आणि कोणी एमएसकॉन्फिग या विंडोजच्या सेटिंग्जच्या खिडकीत जाऊन प्रोसेसरची संख्या निवडायला सांगितली तर करू नका. तो पर्याय चाचणीपुरता प्रोसेसर कमी करण्यासाठी आहे, विंडोज मुळात सगळे कोअर वापरतंच. मशीन एका क्लिकवर वेगवान करतो म्हणणारी क्लीनर सॉफ्टवेअर तर मी आमच्या छापखान्यात शिरूच देत नाही.

जुनी डिस्क काढूनही पासवर्डपर्यंत तेवढाच वेळ लागला, तर माझा अंदाज चुकला. मग प्रिंटर, पेनड्राइव्ह, बाहेरची डिस्क, सगळं काढून फक्त कीबोर्ड आणि माउसवर चालू करून बघा. मशीनमधलं घड्याळ दर वेळी मागे पडत असेल तर बोर्डावरचा सीआर २०३२ सेल बदला. सेल संपला की बायोसची सेटिंग्ज पुसली जातात आणि मशीन दर वेळी सगळं नव्याने शोधत बसतं.

घड्याळाचे तीन आकडे, बायोस टाइम आणि ०५, सी५, सी७ च्या ओळी इथे लिहा. मी संध्याकाळी सातनंतर बघते. तोवर प्रबंधांचे फोल्डर कॉपीला लावाच.