नकळत दिलेली गोळी

“मॅडम, यांना न सांगता दारू सोडवायचं औषध दिलं तर चालेल ना?”

हा प्रश्न मला कितीतरी बायकांनी आणि आयांनी विचारला आहे. या ताईंच्या मात्र विचारण्याआधीच चार गोळ्या देऊन झाल्या होत्या. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.) रुमालात गुंडाळलेली पट्टी त्यांनी टेबलावर ठेवली. गोळी चमच्याच्या पाठीने चुरायची आणि जेवणात कालवायची. चौथ्या दिवशी नवरा पिऊन आला. थोड्याच वेळात चेहरा लालबुंद, छातीत धडधड, उलट्यांवर उलट्या. “अटॅक येतोय मला,” म्हणत तो दारातच बसला. या पाठ चोळत राहिल्या. कारण ठाऊक होतं, पण तोंडातून शब्द फुटेना.

“मी विष देतेय का हो त्यांना?”

गोळी डायसल्फिरामची होती. दारू पचताना शरीरात असिटाल्डिहाइड हा विषारी पदार्थ तयार होतो. एरवी यकृत त्याचा लगेच निकाल लावतं. ही गोळी नेमकं तेच अडवते. मग रक्तदाब कोसळू शकतो, हृदय कमजोर असेल तर जीवही जाऊ शकतो. म्हणून डॉक्टर ती तपासण्या करून, शेवटच्या घोटानंतर किमान १२ तास गेल्यावर आणि पिणाऱ्याला सगळं सांगूनच देतात. चोरून कधीच द्यायची नाही. ताईंचा हेतू चांगला होता, तरीही नाही.

“मग आजपासून बाटलीच घरात येऊ देत नाही,” त्या म्हणाल्या.

“सकाळी उठल्यावर हात थरथरतात त्यांचे?”

“पेला दोन्ही हातांनी धरावा लागतो.”

हे ऐकून मला गोळीपेक्षा जास्त धास्ती वाटली. इतकी सवय झालेल्या शरीराची दारू एकदम तोडली, तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो, नसलेली माणसं दिसतात. हेही जिवावर बेतू शकतं. दारू सोडवायचीच, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

त्याआधी त्यांनी नवऱ्याला खरं सांगायचं ठरलं. माझ्यासमोरच सांगितलं. तो भडकला, उठून दारापर्यंत गेला. मग वळून म्हणाला, “म्हणजे तो अटॅक नव्हता?” इतके दिवस तो मरणाच्या भीतीने झोपत नव्हता, आणि ती भीती घालवायला आणखी पीत होता.

तो दाखल झाला. काही दिवस औषधं, बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं. नंतर यकृताच्या तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी पर्याय मांडले, तेव्हा त्याने तीच गोळी निवडली. रोज सकाळी बायकोसमोर घ्यायचा.

तिसऱ्या महिन्यात त्याचा फोन आला. “गोळी बंद करून आठ दिवस झालेत. आज थोडी घेतली तर?”

“१४ दिवसांपर्यंत त्रास होऊ शकतो,” मी म्हटलं. “कुठे आहात?”

“तुमच्या जिन्यात.”