माळ्यावरचा काचेचा सेट

प्रश्न : सणाला दोन दिवस सगळं कुटुंब आमच्याकडे जमतं, 23 माणसं. सासूबाईंनी हे माझ्यावर सोपवलं त्याला 11 वर्षं झाली. यंदा गुडघा धरलाय, ऑफिसात रजेची मारामार आहे आणि महिनाभर आधीपासूनच झोप उडाली आहे. काही कमी करायचं म्हटलं की नवरा म्हणतो, "आईला वाईट वाटेल." काय करू? – थोरली सून

उत्तर : वाईट वाटेल, हे खुद्द आई म्हणाल्यात का? तुमच्या पत्रात तरी तसं कुठे दिसलं नाही.

आमच्या माळ्यावर 36 ताटांचा काचेचा सेट आहे. दर सणाला तो खाली यायचा, धुवायचा, पुसायचा आणि कागदात गुंडाळून परत वर चढवायचा. सासूबाईंना हौस आहे म्हणून मी हे 9 वर्षं केलं. एका वर्षी माझा हात प्लॅस्टरमध्ये होता, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "यंदा नको काढायला. पुसून पुसून माझी मनगटं दुखतात गं. तुला आवडतं म्हणून बोलले नाही इतकी वर्षं."

आम्ही दोघीच अशा शहाण्या नव्हतो. जेरी हार्वे या प्राध्यापकांनी 1974 साली स्वतःच्या घरचा किस्सा लिहिला. टेक्सासातली रणरणती दुपार, एसी नसलेली गाडी, आणि चौघं निघाले ॲबिलीनला जेवायला. चार तासांनी, 106 मैलांची धूळ खाऊन घरी आल्यावर कळलं, की जायचं कुणालाच नव्हतं! जो तो दुसऱ्याचं मन राखत होता. अशा प्रकाराला 'ॲबिलीन पॅरॅडॉक्स' म्हणतात, ते नाव तिथूनच आलं.

म्हणून सासूबाईंना "हे बंद करू का?" असं विचारू नका. त्यावर "तुझी मर्जी" एवढंच उत्तर येतं, आणि ते कुठल्या सुरात येतं हे मी सांगायला नको. "या दोन दिवसांतलं तुम्हाला स्वतःला काय हवंसं वाटतं?" असं विचारा. तेही नवऱ्याच्या तोंडून नाही, तुम्ही स्वतः, आणि सण दोन-तीन महिने लांब असताना. त्या जे सांगतील त्याला हात लावू नका. बाकीचं कमी करा, एका दिवसावर आणा, दुसऱ्याच्या घरी न्या. फक्त "आता कायमचं असंच" म्हणू नका. "यंदा करून बघू" म्हटलं की सहसा कुणी भांडायला उठत नाही.

खरी मेख पुढेच आहे. "वहिनी, काही मदत करू का?" असं विचारणारे पुष्कळ असतात. पण काय करायचं, कधी करायचं, काय संपलंय, कोण कुणाशी बोलत नाही, हे सगळं डोक्यात वागवायचं तुम्हीच. मिकाएला दि लिओनार्डो या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी 1987 मध्ये नाती जोडून ठेवण्याच्या या खटपटीला सरळ 'काम' म्हटलं, आणि ते बहुतेक बायकांच्याच वाट्याला येतं हेही दाखवलं. तेव्हा मदत मागू नका, अख्खं जेवण सोपवा. एक रात्र दिरांची : मेनू, सामान, वाढप, आवराआवर सगळं. मग तिकडे डोकावायचं नाही. मीठ कमी पडलं तर पडू दे. (मला हे जमायला दोन वर्षं लागली. पहिल्या वर्षी मी पाणी प्यायच्या निमित्ताने सहा वेळा स्वयंपाकघरात जाऊन आले.)

नवरा म्हणेल, "मीही करतोच की." त्याला तसं मनापासून वाटत असणार. रॉस आणि सिकोली या संशोधकांनी 1979 मध्ये नवरा-बायकोंना घरकामातला आपापला वाटा विचारला, तेव्हा दोघांची बेरीज बहुधा शंभर टक्क्यांच्या वरच गेली. कदाचित तुमचाही आकडा थोडा फुगलेला असेल, माझा तर होताच. म्हणून वाद घालत बसू नका. एका वहीत दोघांनी मिळून कामं लिहून काढा, फोन करणं आणि लक्षात ठेवणं धरून.

आणि गुडघा याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. तो सणाची वाट बघत नाही.