त्याच्या ‘हो’वर जाऊ नकोस

अगं,

तुझी रात्रीची व्हॉइस नोट ऐकली. उत्तर मुद्दाम सकाळी लिहितेय, रात्री लिहिलं असतं तर तुमच्या वकीलसाहेबांबद्दल चार शब्द जास्त गेले असते, आणि ते माणूस म्हणून वाईट नाहीत, फायलींच्या ढिगाखाली गाडलेत एवढंच.

मला समजलं ते असं. पोरगा 22 वर्षांचा, बौद्धिक अक्षमता असलेला, मोबाईल चोरीची केस. जामीन मंजूर झालाय पण 15 हजाराचा जामीनदार कोण उभा राहणार, म्हणून अजून आतच. वकील म्हणतात गुन्हा कबूल कर, भोगली तेवढीच शिक्षा देतील, संध्याकाळी घरी जेवायला. आई पण तेच म्हणते, तिला पोरगा घरी हवाय, तिचं काय चुकलं. आणि पोरगा सगळ्यालाच हो म्हणतोय. मग मी मध्ये पडणारी कोण, असं तू विचारतेस.

अगं, सगळ्यालाच हो म्हणतोय म्हणूनच तू मध्ये पडायचंस!

त्याचं हो म्हणजे उत्तर नव्हे. हे मी या पत्रात किती वेळा लिहीन मला माहीत नाही, कंटाळलीस तरी वाच. विशेष शाळेत शिकवण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं आणि उरलेलं कोर्टाच्या व्हरांड्यात. अशी बौद्धिक अक्षमता असलेली मुलं घरात, गल्लीत, शाळेत एकच गोष्ट पक्की शिकतात, कुणी जोरात विचारलं की हो म्हणायचं, म्हणजे समोरचा गप्प होतो. नाही म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, कळलं नाही म्हटलं की लोक हसतात. हो म्हटलं की सुटका. आणि पोलीस स्टेशन म्हणजे तर सगळे जोरातच बोलणारे. तूच घेतलास ना? हो. विकायला निघाला होतास ना? हो. झाला जबाब.

पोलिसांपुढची कबुली पुराव्यात चालत नाही हे तुला कॉलेजात शिकवलं असणार, खरंय, पण आरोपीने सांगून वस्तू ‘काढून दिली’ हे चालतं ना. ‘मोबाईल मी कौलाखाली लपवून ठेवला असून तो काढून देतो’ असं निवेदन, दोन पंच, पंचनामा, खाली अंगठा. त्या पंचनाम्याची कॉपी काढ आणि भाषा बघ. ‘सदरचा’, ‘नमूद ठिकाणी’. तू तासभर बोललीस ना त्याच्याशी, तो तीन शब्दांच्या वर वाक्य बोलला का?

पुढच्या मुलाखतीला हे करून बघ. विचार, तू मुंबईला गेला होतास ना? मग थोडं इकडचं तिकडचं बोल, जेवणाचं, बराकीत शेजारी कोण झोपतं त्याचं. मग विचार, तू मुंबईला कधी गेलाच नाहीस ना? दोन्हीला हो आलं तर शब्दच्या शब्द लिहून ठेव, तारीख टाकून. आणि हेच वकिलांसमोर करून दाखव, भाषण नको, फक्त हे दोन प्रश्न. भले भले गप्प होतात.

‘कळलं का?’ हा प्रश्न आजपासून बंद. ‘मी आत्ता काय सांगितलं ते मला सांग’ असं म्हणायचं. एका वेळी एकच गोष्ट विचारायची आणि मग थांबायचं, खरंच थांबायचं, तुम्हा लोकांना दोन सेकंदांची शांतता सहन होत नाही, लगेच स्वतःच उत्तर सुचवता, आणि सुचवलं की तो काय म्हणणार? हो! तारीख वार विचारू नकोस, गणपती बसले होते का उठले होते असं विचार. आणि कबूल केलं की काय होईल ते त्याला त्याच्या शब्दात सांगायला लाव. ‘आई येईल’ एवढंच आलं तर त्याला कबुली म्हणजे काय ते कळलेलं नाही, विषय संपला. मॅजिस्ट्रेटसाहेब जेलशी जोडलेल्या व्हिडिओ कॉलवर ‘गुन्हा कबूल आहे का’ विचारणार, स्क्रीनमध्ये आवाज अर्धा तुटणार, हा मान हलवणार आणि रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, लागणार की आरोपीने स्वखुशीने कबूल केलं.

संध्याकाळी घरी जेवायला म्हणतात, पण पुढच्या महिन्याचं कुणी बोलत नाही. नावावर शिक्षा लागली की त्या भागात पुढचा मोबाईल गेला की पहिल्यांदा यालाच उचलणार. आणि तेव्हाही तो काय म्हणेल ते तुला माहीतच आहे.

बरं, कबुली नाहीतर जेल, हे दोनच रस्ते तुला कुणी सांगितले? चिडतेय मी, पण इथे चिडायलाच पाहिजे. जामीन मंजूर आहे, अडलंय फक्त जामीनदारावर. जानेवारी 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगून ठेवलंय की जामीन मंजूर होऊन महिन्याभरात जामीनदार देता आला नाही तर कोर्टाने स्वतःहून अट शिथिल करण्याचा विचार करावा. मग अर्ज टाका ना, जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय त्याच्या स्वतःच्या हमीवर, सोडा म्हणून! एका पानाचा अर्ज. तो टाकायचा नाही आणि पोराला आयुष्यभराचा शिक्का घ्यायला सांगायचं, हे मला आजपर्यंत पटलेलं नाही.

आता वकिलांची दुसरी भीती. डोक्याचा मुद्दा काढला तर मेंटल हॉस्पिटलला पाठवतील आणि केस लटकेल. ही भीती खोटी नाही. आसाममध्ये मचल लालुंग नावाचा माणूस 1951 मध्ये पकडला गेला आणि 2005 मध्ये सुटला, खटला चाललाच नाही, शेवटी एक रुपयाच्या जातमुचलक्यावर सोडला. तेव्हा मुद्दा काढायचा तो नीट काढायचा. पहिली गोष्ट, बौद्धिक अक्षमता म्हणजे मानसिक आजार नाही, 2017 च्या मेंटल हेल्थकेअर कायद्याने तर व्याख्येतच ती बाहेर ठेवलीय. पण कोर्टातून नुसतं ‘मानसिक स्थिती तपासून अहवाल द्या’ असं पत्र गेलं की डॉक्टर भास होतात का, आवाज येतात का ते बघतात, नसतात, मग ‘नो सायकोसिस, फिट फॉर ट्रायल’, म्हणजे वेड नाही, खटला चालवायला हरकत नाही, असा शेरा घेऊन पोरगा परत. माझ्या डोळ्यांदेखत किती वेळा झालंय हे. म्हणून अर्जात स्पष्ट लिहायचं की बुद्ध्यांक चाचणी करा, रोजचे व्यवहार किती जमतात ते बघा, आणि कोर्टात काय चाललंय ते समजून वकिलाला सांगता येतं का यावर मत द्या. दुसरी गोष्ट, तो बचाव करू शकत नाही असं ठरलं तरी खटला लगेच लटकवायचा नसतो. कोर्टाने आधी कागद बघायचे, वकिलाचं ऐकायचं, आरोपीला एकही प्रश्न न विचारता, आणि केसमध्ये दम नसेल तर तिथेच सोडायचं. फौजदारी खटले कसे चालवायचे त्याच्या जुन्या कायद्यात, सीआरपीसीत होतं, 1 जुलै 2024 पासून त्याच्या जागी आलेल्या बीएनएसएसमध्येही आहे. एकही प्रश्न न विचारता, वाचलंस ना? म्हणजे मी जे घसा फोडून सांगतेय ते कायदा करणाऱ्यालाही कुठेतरी कळलं होतं.

पण पोलीस स्टेशनात नाही कळलं. लैंगिक गुन्ह्यातली पीडित अपंग असेल तर तिच्या घरी जाऊन, विशेष शिक्षक किंवा दुभाषा बसवून, व्हिडिओ काढत फिर्याद घ्यायची असा नियम आहे, फार चांगला आहे. आरोपीच्या शेजारी कोण बसतं? कुणी नाही. इंग्लंडमध्ये 1972 साली एका खुनात तीन पोरांनी कबुली दिली, त्यातल्या 18 वर्षांच्या पोराची समज आठ वर्षांच्या मुलाएवढी, 1975 मध्ये शिक्षा रद्द झाल्या, आणि त्या बदनामीतून त्यांच्याकडे अशा आरोपीच्या शेजारी पोलीस नसलेला एक जाणता माणूस बसवायची पद्धत आली. आपल्याकडे 2016 च्या दिव्यांग कायद्यात कलम 12 आहे, न्याय मागताना लागेल तो आधार द्या म्हणतं, पण ते कुणीतरी नेऊन टेबलावर ठेवावं लागतं. दिल्लीच्या लॉ युनिव्हर्सिटीतल्या प्रोजेक्ट 39ए या संशोधन गटाने 2021 मध्ये फाशीच्या कैद्यांचा अभ्यास काढला त्यात 11 टक्क्यांना बौद्धिक अक्षमता निघाली. फाशीपर्यंत पोचलेली माणसं ही.

तुला कुणीतरी माझ्याबद्दल सांगितलंच असेल म्हणून मीच लिहिते. माझ्या शाळेतलाच एक मुलगा होता, अशीच केस, मी कबुली होऊ दिली नाही, आणि तो कबुली दिली असती तर सुटला असता त्यापेक्षा बरेच महिने जास्त आत राहिला. निर्दोष सुटला शेवटी, साक्षीदाराला ओळखताच आलं नाही. त्याची आई आजही मला बाजारात बघून रस्ता बदलते. एकदा म्हणाली, बाई, तुमाला तरी कुठं ठावं त्याला काय पायजे हुतं, तुमालाबी त्यो हो म्हणाला. मी त्याला उलटसुलट विचारून बघितलं होतं गं, चित्रं काढून विचारलं होतं, एक दिवस सोडून परत विचारलं होतं, त्याने दर वेळी ‘म्या न्हाय घेतला’ हेच सांगितलं. वाक्य त्याचं होतं. हे तिला सांगून उपयोग नव्हता, तिची तेवढ्या महिन्यांची मजुरी बुडाली होती. मला वाईट वाटतं, खूप वाटतं, पण परत तीच केस आली तर मी तेच करीन. हट्टीपणा म्हण.

तू मात्र आईला सोडून पुढे जाऊ नकोस. तिच्याकडूनच सगळं मिळणार आहे. तो कितव्या वर्षी बोलायला लागला, शाळा कितवीत सुटली, दुकानातून सुट्टे पैसे बरोबर आणतो का. शाळा सोडल्याचा दाखला आण, त्याच्या शाळेतल्या बाई जिवंत असतील तर त्यांचं चार ओळींचं पत्र आण, कारण हे लहानपणापासूनचं आहे ते दाखवावं लागतं, आज अचानक सोंग घेतलं असं सरकारी वकील म्हणणारच. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगाचं सरकारी ओळखपत्र, आहे का विचार, नसेल तर सिव्हिलला अर्ज टाकून पावती फाईलला लाव. दिव्यांग माणसाला विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील उत्पन्न न बघता मिळतो, त्यामुळे हे वकील नाहीच म्हणाले तर बदलून मागता येतो, पण ती धमकी आत्ताच देऊ नकोस.

आधी जातमुचलक्याचा अर्ज, मग तपासणीचा. दोन वेगळे, एकात गुंतवू नका. मराठीत लिही, तुझं इंग्रजी चांगलं आहे ते राहू दे. आज रात्रीपर्यंत कच्चा मला पाठव, मी लाल पेनाने बघते, आणि वकीलसाहेबांना मीच फोन करते, मला शिव्या घालून का होईना पण फोन उचलतात ते.