पुण्यातून तोंडाच्या कॅन्सरच्या जनजागृतीसाठी लांबची सायकल राईड काढतोय, त्याचा खरंच काही उपयोग होतो का?

होतो. मी अशा राईड केल्यात म्हणून खात्रीने सांगते. पण तुम्ही जो प्लॅन लिहिलाय ना, पुणे ते गोवा चार दिवसात, सगळ्यांना सारखे टीशर्ट, हातात बॅनर आणि रोज शंभराच्या वर किलोमीटर, त्यात लोकांशी बोलायला वेळ कुठे आहे? एवढं चालवून माणूस संध्याकाळी मुक्कामाला पोचतो तेव्हा त्याला आंघोळ आणि जेवण एवढंच सुचतं, आणि ज्या गावातून तो गेला तिथल्या लोकांना फक्त हेल्मेट घातलेली माणसं दिसलेली असतात. त्यापेक्षा अंतर कमी करा, थांबे वाढवा.

माझं मत विचाराल तर गोव्याऐवजी बार्शीला जा. सोलापूर रोडने हडपसर, लोणी काळभोर, उरुळी कांचन, यवत, चौफुला, पाटस, कुरकुंभ, भिगवण, इंदापूर, टेंभुर्णी, तिथून डावीकडे कुर्डुवाडी आणि मग बार्शी, साधारण २०० ते २२० किलोमीटर, घाट नाही, त्यामुळे नवीन लोकांनाही जमतं. आणि बार्शीच का तर तिथे नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे, आणि देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ साली तिथेच सुरू झाली. म्हणजे बार्शी, परांडा, भूम तालुक्यातल्या खेड्यांमध्ये माणसं जाऊन लोकांशी बोलली, कुणाला गाठ आहे, कुणाच्या तोंडात जखम आहे हे विचारलं, कारण खेड्यातला माणूस आपणहून दवाखान्यात येत नाही. आपल्याला छोट्या प्रमाणात तेच करायचंय, त्यामुळे तिथे जाण्याला अर्थ आहे असं मला वाटतं.

आता बॅनरबद्दल. तुम्ही जो फोटो टाकलाय त्यात सिगरेटवर काट मारलेली आहे. या रस्त्यावर त्याचा काही उपयोग नाही हो. तंबाखूच्या वापरावरच्या २०१६-१७ च्या गॅट्स सर्वेक्षणात महाराष्ट्रातली जवळपास एक चतुर्थांश मोठी माणसं बिनधुराची तंबाखू वापरणारी निघाली आणि विडी-सिगरेट ओढणारी चार टक्क्यांच्या आसपास. आपल्याकडे खरं दुखणं आहे ते चुना लावून मळलेली तंबाखू, मावा (तंबाखू-चुना लावलेली सुपारी), गुटखा आणि बायकांची मिश्री. सिगरेटचं चित्र बघून मावा खाणाऱ्याला वाटतं की हे आपल्यासाठी नाहीच, मी कुठे ओढतो. त्यामुळे चित्र काढायचंच तर गालात धरलेल्या तंबाखूच्या बाराचं काढा. गुटख्यावर आपल्या राज्यात २०१२ पासून बंदी आहे पण टपरीवर काय मिळतं ते तुम्हालाही माहितीय, म्हणून नुसतं बंदी बंदी बोलून उपयोग नाही, समोरच्याच्या तोंडात बघावं लागतं.

आणि हे बघणं अवघड नाही, म्हणून तर मी एवढं लिहितेय. एक टॉर्च, लाकडी चमचे, हातमोजे आणि ग्रुपमध्ये एक तरी डेंटिस्ट पाहिजे. आमच्यात माझी मैत्रीण डेंटिस्ट आहे, ती सायकल चालवते आणि थांब्यावर तोंडं तपासते. गालाच्या आत किंवा हिरडीवर पुसून न जाणारा पांढरा चट्टा, मखमलीसारखा लाल चट्टा (हा तर जास्त धोक्याचा), दोन-तीन आठवडे झाले तरी न भरणारी जखम, कारण नसताना हलणारा दात, गिळताना त्रास, मानेला गाठ, हे तिने आम्हाला शिकवलंय. यात दुखतंच असं नाही, सुरुवातीला तर बहुतेक वेळा दुखतच नाही, आणि तिथेच सगळा घात होतो, माणूस दुखेपर्यंत थांबतो आणि मग तिसऱ्या-चौथ्या स्टेजला मुंबई गाठतो.

कुरकुंभच्या पुढे एका चहाच्या हॉटेलवर ऊसाच्या ट्रॉल्या लागलेल्या होत्या. तिशीच्या आतला एक ट्रॅक्टर ड्रायव्हर आला, बीडकडचा, आणि पहिला प्रश्न तोच जो सगळे विचारतात, सायकल कितीची? मग कुठून आलात, कशासाठी, असं बोलणं सुरू झालं. मैत्रिणीने त्याला सांगितलं की तीन बोटं एकावर एक धरून तोंडात घाल, जातात का बघ. त्याची दोनसुद्धा जेमतेम गेली. मग तो म्हणाला, ताई वर्ष झालं मिसळ खाता येत नाही, तिखट लागलं की नुसती आग होती, उष्णता असंल म्हणून थंडाई घेतोय. टॉर्च मारल्यावर गाल आतून पांढराफटक आणि बोट लावलं तर ताठ, पट्टे ओढल्यासारखे. हे सुपारीने होतं, गाल आतून कडक होत जातो, तोंड उघडायचं कमी होतं आणि पुढे त्याचा कॅन्सर होऊ शकतो. त्याने खिशातून माव्याची पुडी काढली आणि विचारलं, मग तंबाखू सोडतो, नुसती सुपारी खाल्ली तर चालंल ना? नाही चालत. २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने सुपारी स्वतःच कॅन्सर करते असं जाहीर केलंय, तंबाखू असो नसो. हे आपल्या लोकांना खरंच माहीत नाही, सुपारी देवाला ठेवतात, लग्नात देतात, ती वाईट कशी असेल असं वाटतं. त्याचा नंबर घेतला, गावी गेल्यावर कुठल्या सरकारी दवाखान्यात जायचं ते लिहून दिलं आणि नंतर दोनदा फोन केला, तेव्हा कुठे तो गेला आणि केसपेपरचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. म्हणून म्हणते नंबर घ्या आणि फोन करा, राईड संपल्यावरचं हे काम कोण करणार ते आधीच ठरवा.

ग्रुपमध्ये बायका पाहिजेतच. माझ्या आत्याला हिरडीचा कॅन्सर होता, जन्मभर सकाळ-संध्याकाळ मिश्री लावायची, आणि मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच आहे, पण तिच्या लेखी ती दात घासायची वस्तू होती, व्यसन नव्हे. गावात पुरुषांनी विचारलं तर बायका नाही म्हणतात आणि पदर तोंडाला लावतात. तीच मावशी आपण शेजारी बसून पाणी प्यायलो की सांगते, दिवसातून चार वेळा लागते गं, नाही लावली तर डोकं दुखतं. मग तिला तोंड उघडायला सांगता येतं. आत्याला असं कुणी भेटलं असतं तर ती आज असती असं मला अजून वाटतं.

नुसतं तोंडात बघून काय होणार असं कुणी म्हणेल, तर केरळात मोठा अभ्यास झालाय, २००५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. आरोग्य सेविकांसारख्या शिकवलेल्या माणसांनी घरोघरी जाऊन तोंडं तपासली आणि तंबाखू-दारूची सवय असलेल्या लोकांमध्ये तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू साधारण एक तृतीयांशने कमी झाले.

सोबत दोन गोष्टी छापील ठेवा. एक म्हणजे तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी फुकट फोन नंबर, १८०० ११ २३५६. दुसरी म्हणजे महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात आणि रेशनकार्ड, आधार लागतं ही माहिती. खर्चाच्या भीतीने लोक तपासायलाच जात नाहीत, त्यामुळे हे दुसरं सगळ्यात आधी सांगा. आणि तीस वर्षांवरच्या लोकांची तोंडाची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, थांबा असलेल्या गावच्या आशाताईंना आधी फोन केलात तर त्या माणसं गोळा करून ठेवतात, आमचा सगळ्यात चांगला थांबा तसाच झाला होता.

चालवण्याबद्दल थोडंच सांगते. जागतिक कॅन्सर दिन ४ फेब्रुवारीला असतो, तेव्हाच काढा, ३१ मेच्या तंबाखूविरोधी दिनाला इंदापूरकडच्या उन्हात हाल होतील. पहाटे पाचच्या आत हडपसरचं गाडीतळ ओलांडा. तोंड पूर्वेला त्यामुळे सकाळी ऊन थेट डोळ्यात येतं, गॉगल हवाच, आणि त्या दिवसात वाराही बऱ्याचदा समोरून असतो. ऊसाच्या डबल ट्रॉल्यांना मागे लाइट नसतो, अंधारात त्यांच्या मागे चालवू नका. बाभळीच्या काट्यांनी पंक्चर होतातच, प्रत्येकाकडे दोन ट्यूब. पहिला मुक्काम भिगवण, दुसरा कुर्डुवाडी, तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बार्शी, म्हणजे मध्ये बसायला वेळ मिळतो.

हॉस्पिटलला महिनाभर आधी पत्र द्या, अचानक जाऊन उभं राहू नका, तिथे पेशंट असतात. तुमच्यात डेंटिस्ट कुणी नसेल तर इथेच लिहा, मी मैत्रिणीला विचारते, फेब्रुवारीत तिला सुट्टी मिळाली तर ती नक्की येईल आणि मीही येईन.