व्हॉल्ट बॉयकडे नीट बघ

फॉलआउट हा व्हिडिओ गेम नव्यानं खेळतोयस, तर अंगठा वर करून हसणाऱ्या व्हॉल्ट बॉयला नुसती सजावट समजू नकोस. १९९७ च्या पहिल्या गेमपासून तो व्हॉल्ट-टेकचा, म्हणजे गेममधल्या अणुयुद्धासाठी भुयारी निवारे (व्हॉल्ट) बांधणाऱ्या कंपनीचा, जाहिरातीतला चेहरा आहे. बाहेर सगळं जग बेचिराख आणि हा आपला हसतमुख! मालिकेचा खरा सूर मला तिथेच सापडतो. पर्क, म्हणजे पात्राला मिळणारं खास कौशल्य, निवडताना आधी त्याचं चित्र बघ, अर्धं तिथेच कळतं. मनगटावरचं यंत्र म्हणजे पिप-बॉय, तो वेगळा.

फॉलआउट ३ मध्ये त्याच्या २० बाहुल्या लपवल्यात. मेगाटन या गावात शेरीफ लुकास सिम्सच्या घरातली आधी उचल, ताकद कायमची एकाने वाढते. गावातल्या न फुटलेल्या अणुबॉम्बचं काय करायचं ते नंतर ठरव. गाव उडालं की ती बाहुली गेलीच. मग रिव्हेट सिटीतली बुद्धीची लवकर गाठ, पुढच्या प्रत्येक लेव्हलला जास्त स्किल पॉइंट मिळतात.