दात काढल्यावर हिरडी आत का बसते?

दात काढल्यानंतरच्या जखमेबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी पाच प्रश्न आज घेतो आहे.

प्रश्न : तीन दिवसांपूर्वी खालची दाढ काढली. खड्ड्यात पांढरट-पिवळा थर दिसतोय. पू झाला का? कापसाने पुसून काढू?

कृपया पुसू नका. तोंडात सतत लाळ असते, त्यामुळे हातापायाच्या जखमेसारखी कोरडी तपकिरी खपली इथे धरत नाही. हा ओला पांढरट थर हीच तोंडातली खपली. तिच्याखाली रक्ताच्या गुठळीत नव्या रक्तवाहिन्या शिरत असतात. आठवडाभरात गुठळीची जागा मऊ लालसर ऊती घेते, काठाची हिरडी आत सरकत येते आणि साधारण चार ते सहा आठवड्यांत खड्ड्याचं तोंड मिटतं.

काळजी करायची ती वेगळ्या लक्षणांची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणं उतरण्याऐवजी वाढलं, ठणका कानापर्यंत गेला, तोंडाला घाण वास आला आणि खड्डा रिकामा दिसला, तर गुठळी निघून गेली आहे असं समजा. याला ड्राय सॉकेट म्हणतात. मेडिकलमधून आणलेल्या अँटिबायोटिकने हा ठणका थांबत नाही. डॉक्टर खड्डा धुऊन औषधाची पट्टी भरतात, त्याने लवकर आराम पडतो.

प्रश्न : चार महिन्यांपूर्वी वरचा पटाशीचा दात काढला. आता तिथली हिरडी आत बसली आहे, ओठाखाली बोट फिरवलं की खोलगट लागतं. ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला कृत्रिम दात) बसवला तर वर फट दिसेल म्हणतात. दात काढताना चूक झाली का?

बहुधा नाही. हिरडीला स्वतःचा आकार फारसा नसतो, ती खालच्या हाडाचा आकार घेते. दाताला धरून ठेवणाऱ्या तंतूंची टोकं हाडाच्या ज्या पातळ थरात रुजलेली असतात, तो थर दातासाठीच असतो. दात गेला की तोही विरघळतो. पुढच्या दातांपाशी ओठाकडची भिंत बहुतेकांत एक मिलिमीटरहूनही पातळ असते, म्हणजे जवळजवळ सगळी याच थराची. टाळूकडची भिंत जाड असल्याने टिकते. म्हणून खड्डा आतून हाडाने भरत असतानाच बाहेरची बाजू खचते. अराउजो आणि लिंदे या दंतसंशोधकांनी २००५ मध्ये कुत्र्यांवरच्या प्रयोगात हे टप्प्याटप्प्याने दाखवलं. माणसांवरच्या अभ्यासांच्या २०१२ मधल्या आढाव्यात सहा महिन्यांत हाडाची रुंदी २९ ते ६३ टक्के आणि उंची ११ ते २२ टक्के घटलेली आढळली.

यात एक फसवी गोष्ट आहे. जिथे हाड फार पातळ असतं, तिथे वरची हिरडी पहिल्या आठ आठवड्यांत आपोआप जाड होते. डोळ्यांना जागा भरल्यासारखी दिसते, हाडाचं खरं नुकसान स्कॅनमध्येच कळतं. इम्प्लांटचा, म्हणजे हाडात स्क्रू रोवून त्यावर दात बसवण्याचा विचार असेल तर सीबीसीटी स्कॅन (जबड्याच्या हाडाचं त्रिमितीय एक्स-रे चित्र) आधी करून घ्या.

बहुतेक बदल पहिल्या तीन महिन्यांत होतात, म्हणजे कायमच्या ब्रिजसाठी तुमची वेळ योग्य आहे. टाळूची ऊती घेऊन खोलगट भाग भरता येतो. इम्प्लांट हवा असेल तर हाडाची भरही घालता येते. दात काढतानाच खड्ड्यात हाडाची पूड भरली तर झीज कमी होते, पूर्ण थांबत नाही. यापुढे कधी दात काढायची वेळ आली, तर त्या जागी नंतर काय बसवायचं हे दात काढायच्या आधीच ठरवा, असा माझा आग्रह असतो.

प्रश्न : हिरडीतून टोकदार काहीतरी जिभेला टोचतंय. दाताचा तुकडा राहिला का?

बऱ्याचदा ती खड्ड्याच्या काठाची हाडाची कपची असते, आपोआप बाहेर पडते. नखाने ओढू नका, डॉक्टर ती चिमट्याने काढतील. मात्र हाडांच्या ठिसूळपणासाठी इंजेक्शन किंवा गोळ्या चालू असतील, तर ते त्यांना आधी सांगा.

प्रश्न : बाबांचे सगळे दात काढून त्याच दिवशी कवळी दिली. तीन महिन्यांत ती ढिली झाली. आम्हाला फसवलं का?

नाही. कवळीचं माप हिरडी फुगीर असतानाचं होतं, ती हिरडी आता उतरली. आतून अस्तर भरून घ्या, सहा महिन्यांच्या आसपास पुन्हा भरावं लागेल किंवा नवी कवळी करावी लागेल. खालच्या कवळीचा त्रास पुढेही जास्त राहील. कवळी वापरणाऱ्यांचा २५ वर्षं पाठपुरावा केलेल्या १९७२ च्या अभ्यासात, खालच्या जबड्याची झीज वरच्याच्या सुमारे चौपट आढळली होती. रात्री कवळी काढून ठेवायला सांगा.

प्रश्न : आईला मशेरीची सवय आहे. दाढ काढून दीड महिना झाला, जागा भरत नाही. मिठाच्या गुळण्या चालू आहेत.

गुळण्यांवर आता थांबू नका. तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात आणि मशेरी लावणारं बोट रोज त्याच जखमेवरून फिरतं, त्यामुळे जागा भरायला वेळ लागतोच. पण तंबाखूची सवय असलेल्या माणसाची जखम तीन आठवड्यांनंतरही उघडी असेल, काठ कडक लागत असतील किंवा खड्ड्यातून मांसल गाठ वर येत असेल, तर कर्करोग नाही ना, हे जखमेचा छोटा तुकडा काढून तपासूनच (बायोप्सी) ठरवावं लागतं. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. जवळ पडेल तिथे आईंना याच आठवड्यात घेऊन जा.