स्टुडिओ बांधू का? आधी उधारी वसूल करा

इंदूरच्या रामबागेतून एका वाचक ताईंचं पत्र आलंय. वय ३८. अकरा वर्षं एका खासगी एफएम वाहिनीत नोकरी आणि गेली चार वर्षं स्वतंत्र रेडिओ पत्रकार. वाड्यातल्या माडीवरच्या खोलीत रेकॉर्डिंग स्टुडिओ करायचं त्यांच्या मनात आहे. सुतारकाम, फोम, दुहेरी काचेची खिडकी आणि एसी मिळून ४,२०,००० रुपयांचं कोटेशन हातात आलंय. बँकेत साडेसहा लाखांची एफडी आहे, व्याज साडेसहा टक्के. प्रश्न एका ओळीचा: "एफडी मोडू का?"

ताई, मोडू नका. का ते सांगतो, आणि तुम्हीच पाठवलेल्या हिशेबाच्या वहीवरून सांगतो.

सध्या तुम्ही भाड्याच्या स्टुडिओत तासाला ६०० रुपये देता, महिन्याला साधारण नऊ तास. म्हणजे वर्षाचे ६४,८००. घरचा स्टुडिओ झाला की हे वाचतील, बरोबर. पण ४,२०,००० रुपये एफडीतून काढले की त्यांचं वर्षाचं २७,३०० रुपये व्याजही गेलं. राहिले ३७,५००. या वेगाने खर्च भरून निघायला अकरा वर्षं लागतील, आणि एसीचं बिल मी अजून धरलेलंच नाही. अकरा वर्षांनी रेडिओ कसा असेल? बीबीसी हिंदीसारखी घराघरांत ऐकली जाणारी सेवा, तिचं रेडिओ प्रसारण ३१ जानेवारी २०२० ला थांबलं. अशा धंद्यात अकरा वर्षांचा हिशेब मांडायला माझी पेन्सिल धजत नाही.

दुसरी गोष्ट तुम्ही पत्रात जाता जाता लिहिली आहे, मी मात्र तिथेच थांबलो. वाडा तुमचे यजमान आणि दोन दीर, तिघांच्या नावावर आहे. उद्या वाटणीचा विषय निघाला तर माइक पिशवीत घालून नेता येईल. भिंतीत ठोकलेली लाकडं आणि चिकटवलेला फोम खरवडून न्यायचा का? सामायिक घरात स्वतःच्या कमाईचं पक्कं काम करू नये. दीर कितीही चांगले असोत, हा नियम मी सगळ्यांनाच सांगतो. घरातल्यांना राग येतो, येऊ दे.

आणि त्या फोमबद्दल. माझा भाचा आवाजाच्या कामात आहे, त्याला कोटेशन दाखवलं. तो हसला. दोन इंची फोमने खोलीतला घुमणारा आवाज कमी होतो, बाहेरचा आवाज अडत नाही. त्याला जाड, वजनदार भिंत लागते. म्हणजे खाली वरात आली की बँड रेकॉर्डिंगमध्ये वाजणारच. घुमणं कमी करायचं तर कपड्यांचं उघडं कपाट आणि दोन जाड गाद्याही पुरतात. तुम्हीच लिहिलंय ना, गेल्या रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, ऐन भरात असताना बातमीचं निवेदन गोधडी डोक्यावर घेऊन, मोबाइलच्या उजेडात वाचलंत, आणि तिकडून कोणी एक अक्षर बोललं नाही. त्या गोधडीने तेव्हा स्टुडिओचे पैसे वाचवले.

आता खरी गंमत. तुमच्या वर्षभराच्या ५,९०,००० रुपयांच्या बिलांपैकी ३,७०,००० बाहेर फिरून केलेल्या कामाचे आहेत. जाहिराती आणि निवेदनाचे १,३५,०००, सूत्रसंचालन आणि अनुवादाचे ८५,०००. सिरपूर तलावावरचं बारा मिनिटांचं रेडिओ रूपक घ्या. २०२२ मध्ये तो तलाव रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेला, तुम्ही पहाटे पाच वाजता तिथे जाऊन बदकांची फडफड टिपलीत, १८,००० मिळाले. सराफ्यात दागिन्यांच्या दुकानांची शटरं पडत असतानाच खाण्याच्या गाड्यांवर कढया चढतात, तो दहा मिनिटांचा आवाज तुम्ही दोन ठिकाणी विकलात. ही कमाई खोलीत बसून झालेली नाही. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीचंच बातमीपत्र लावायची मुभा आहे, म्हणून तर नोकरी सोडून तुम्ही बाहेर पडलात. मग परत चार भिंतींत पैसे कशाला?

खर्च करायचाच तर चांगला हातातला रेकॉर्डर, वाऱ्याची घरघर अडवणारी केसाळ टोपी असलेला माइक, जादा बॅटऱ्या आणि एक बॅकअप डिस्क घ्या. ८५,००० च्या वर जाऊ नका. एफडीतून हे काढायला माझी हरकत नाही.

पण तुमचं दुखणं स्टुडिओ नाहीच, उधारी आहे. तीन ठिकाणी मिळून १,३८,००० अडकलेत, एक बिल ९७ दिवसांचं झालंय. "मागायला लाज वाटते" असं लिहिलंत. दुनियेला माइक पुढे करून प्रश्न विचारता आणि स्वतःचे पैसे मागताना लाज? लघुउद्योगांसाठीच्या सरकारी उद्यम पोर्टलवर नोंदणी करा. फुकट आहे, आधार आणि पॅन लागतं, एजंटला एक रुपया देऊ नका. नोंदणीनंतरच्या कामाचं बिल करार काहीही असला तरी ४५ दिवसांत चुकतं करायचं असा कायदा आहे. उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही चक्रवाढ. शिवाय पैसे थकवले तर तो खर्च कंपनीला त्या वर्षी करपात्र उत्पन्नातून वजा करता येत नाही. त्यांच्या अकाउंट विभागाला हे वाक्य लिहून पाठवा, बघा काय होतं ते. मोठ्या कामाला तीस टक्के आगाऊही मागा.

बिलातून आधीच कापला गेलेला कर, म्हणजे टीडीएस, हीही उधारीच आहे, सरकारकडची. तुम्ही जोडलेल्या २६एएस मध्ये, म्हणजे कापलेल्या कराच्या सरकारी उताऱ्यात, ४१,००० दिसतात. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर कर पडत नाही, म्हणजे रिटर्न भरलं की हे सगळे परत. एक सावधगिरी: निम्मी कमाई नफा दाखवून मोकळं व्हायची सोय डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट वगैरे ठरावीक पेशांना आहे, त्या यादीत पत्रकार नाही. मैत्रिणीने भरलं तसं भरू नका. रेकॉर्डर, इंटरनेट, प्रवास यांची बिलं एका डब्यात टाकत जा आणि खरा खर्च दाखवा.

एफडीचं काय, तर घरातला तुमचा वाटा ३२,००० आणि कामाचा खर्च ६,०००, महिन्याला ३८,०००. पगारदाराला मी सहा महिन्यांची गंगाजळी सांगतो, तुमच्या कमी महिन्यात ९,००० आलेत म्हणून आठ महिने: ३,०४,०००. एकच मोठी एफडी ठेवू नका, पन्नास-पन्नास हजारांच्या करा, म्हणजे गरजेला एकच मोडेल. उरलेल्यातून रेकॉर्डरचे पैसे गेले की २,६१,००० राहतात. त्यातून आधी स्वतःच्या नावाची आरोग्य विमा पॉलिसी घ्या, यजमानांच्या कंपनीच्या विम्यावर विसंबू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवर जीएसटीही नाही. नोकरीत असताना २०१६ साली उघडलेलं पीपीएफ चार वर्षं बंद पडलंय, ते जागं करा: दर वर्षाचे किमान ५०० आणि ५० दंड, एवढंच. ते मार्च २०३२ ला पिकेल. बाकी रक्कम त्यात आणि एखाद्या साध्या इंडेक्स फंडात, दर महिन्याला नव्हे, बिल आलं की थोडी थोडी. अनियमित कमाईला एसआयपीची ठरलेली तारीख जाचते.

निवेदनाचं काम सलग दोन तिमाही महिन्याला पंचवीस तासांच्या वर गेलं, तर मला परत लिहा. तेव्हा भाडंच १५,००० होईल आणि मीही भूमिका बदलेन. पण तेव्हासुद्धा उचलून नेता येईल अशीच लाकडी केबिन.

राहिला ताजा कलम. चौदा हजारांचा जुना मर्फी रेडिओ घेऊ का, असं विचारताना तुम्ही चारदा माफी मागितली आहे. लहानपणी आमच्या ओट्यावर संध्याकाळी आकाशवाणीच्या इंदूर केंद्रावर नंदाजी-भेराजी या जोडीच्या मालवी बोलीतल्या गप्पा लागायच्या, त्यामुळे या बाबतीत माझा सल्ला निष्पक्ष समजू नका. ९७ दिवसांचं बिल वसूल झालं की त्यातून घ्या, एफडीतून नको. त्यावर एफएम लागणार नाही, हे तुम्हाला मी काय सांगावं. दुकानदाराने समोर वाजवून दाखवला तर चौदा द्या. "फक्त व्हॉल्व्ह गेलाय" म्हणाला तर आठच्या वर एक रुपया नाही.